हातोड्याबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बाखच्या सी मायनर फ्यूगच्या (एकच थीम तीन आवाज आळीपाळीनं घेतात अशी रचना; ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’, पहिला खंड, १७२२) पियानोवरच्या सरावावर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं : ‘थीम आली की दर वेळी हातोड्यानं ठोकून दाखवायची, हा शिकवणीतला बाळबोधपणा. त्यात काउंटरसब्जेक्ट (थीमच्या जोडीनं चालणारी दुसरी सुरावट) बुडतो. हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) एकदा ऐका आणि मग लिहा.’ शिवाय पेडल, ट्रिल (दोन स्वर भरभर आलटून वाजवणं) आणि एका सालाची चूक.

सालाचं आधी. इन्व्हेन्शन्स (बाखच्या दोन आवाजांच्या छोट्या रचना) १७२० च्या, असं मी लिहून गेलो. ते बाखनं थोरल्या मुलासाठी सुरू केलेल्या वहीचं साल. इन्व्हेन्शन्सची त्याच्या हातची स्वच्छ प्रत १७२३ ची. दुरुस्त केलंय. आभार. चूक कबूल करायला मला लाज वाटत नाही.

पण ‘एकदा ऐका आणि मग लिहा’? ही काय बोलायची रीत झाली? मी नवव्या वर्षी पियानोवर बसलो, आज एक्कावन्न वर्षांचा आहे. डोंबिवलीहून लोकलनं दादर, तिथून वांद्रे, आठवड्यातून दोनदा. आमच्या बाई सोप्रानो आणि बास (सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आवाज) वाजवायला लावायच्या आणि मधला आल्टो गायला. चुकलं की पहिल्या बारपासून (तालाच्या पहिल्या खणापासून). गळा फुटायच्या वयात आल्टो गाणं काय असतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. पावसाळ्यात त्यांच्या पियानोच्या पट्ट्या फुगून अडकायच्या, तरी सुटका नसे. हार्पसिकॉर्डही त्यांच्याकडेच ऐकलं, वांडा लांडोव्स्का या वादिकेचं, कॅसेट घरघरायला लागेपर्यंत. तेव्हा ऐकण्याचा सल्ला दुसऱ्या कुणाला तरी द्या.

आणि निवाडा हार्पसिकॉर्डनंच करायचा, हे कुणी ठरवलं? त्यात तार छेडली जाते, बोटाच्या जोरानं आवाज लहानमोठा होत नाही, हे मान्य. पण त्याच काळातल्या क्लॅव्हिकॉर्ड या पट्ट्यांच्याच वाद्यावर होतो, अगदी दबका असला तरी होतो. बाखनं शीर्षकात ‘क्लाव्हिअर’ (पट्ट्यांचं वाद्य) एवढंच लिहिलं, वाद्य नेमून दिलं नाही. इन्व्हेन्शन्सच्या त्या १७२३ च्या प्रतीच्या पहिल्या पानावर तर गाण्यासारखं वाजवता आलं पाहिजे, असं तो स्वतःच म्हणतो. १७४७ मध्ये पॉट्सडॅमला प्रशियाच्या राजाकडे गेला तेव्हा झिल्बरमान या कारागिराच्या पियानोंवर त्यानं बोटं फिरवलीच ना? बाकी पियानोच्या पोटात हातोड्याच असतात साहेब, त्याला माझा इलाज नाही.

काउंटरसब्जेक्टचं म्हणाल, तर सातव्या बारला बासमध्ये थीम उतरते तेव्हा वर सोप्रानो तोच घेऊन धावत असतो. तो ऐकू यायला हवा, हे मलाही कळतं. ‘दर वेळी ठोका’ असं मी लिहिलेलंच नाही. ‘थीमची प्रत्येक एंट्री उठून दिसू द्या’ असं लिहिलंय. फरक आहे. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तो बुडाला असेल तर फोन पियानोच्या झाकणाच्या डाव्या टोकाला, बासच्या बाजूला, ठेवला होता म्हणून.

पेडल आणि ट्रिलवर आत्ता बोलत नाही. ज्याला वाद घालायचाच आहे त्याला तिथेही जागा सापडेल.

एवढं मात्र करा. सोप्रानो आणि बास वाजवत आल्टो गा, एकतीसच्या एकतीस बार, आणि रेकॉर्डिंग पाठवा. मी ऐकेन, आणि मगच लिहीन.