उघडता येते म्हणून

नव्या गाडीचं एक बरं असतं. बॉनेट उघडलं की आत काळ्या प्लॅस्टिकचं भलंमोठं झाकण दिसतं, त्यावर कंपनीचं नाव असतं, आपण ते वाचतो आणि बॉनेट बंद करतो. यापुढे आपण काही करावं अशी कुणाची अपेक्षाच नसते. प्रीमिअर पद्मिनीचं तसं नाही. बॉनेट उघडलं की सगळा संसार उघड्यावर. कार्ब्युरेटर इथे, डिस्ट्रिब्युटर तिथे, पेट्रोल पंप त्या बाजूला. प्रत्येक नट डोळ्यांना दिसतो, प्रत्येकाला पाना लागतो आणि हात कोपरापर्यंत आत जातो. हात जातो म्हणून माणूस तो घालतो. ही गाडी बिघडते याचं मला फारसं वाईट वाटत नाही. ती उघडता येते, हे खरं दुखणं.

आमची पद्मिनी 1978 ची. सासऱ्यांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून घेतलेली. नाशिकहून ती पुण्याला आमच्या दारात आली ती "सांभाळा" एवढ्या एका शब्दासकट. माहेरची असल्यामुळे तिच्याबद्दल घरात वाकडं बोलायची सोय नाही. सुरू झाली नाही की बायको गॅलरीतून म्हणते, "बाबांच्या हाताला पहिल्या सेल्फमध्ये उठायची." म्हणजे दोष कुठे शोधायचा, हे आधीच ठरलेलं.

तिचं खानदान मोठं आहे, याबद्दल वाद नाही. फियाट 1100 डी कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून बनायला लागली आणि पुढे सत्तरच्या दशकात तीच पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसीचं. हल्ली याहून मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकली मिळतात, पण हे वाक्य सासऱ्यांसमोर बोलायचं नाही. त्यांच्यासमोर आणखी एक गोष्ट करायची नाही, ती म्हणजे पद्मिनीला डुक्कर फियाट म्हणणं. "डुक्कर ती आधीची, गोल पाठीची," असं ते सुरू करतात आणि जेवणं थंड होतात.

रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये उतरतो. कारण बहुतेक वेळा पॉइंट. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली दोन इवलेसे धातूचे तुकडे एकमेकांना चिकटतात आणि सुटतात, ते सुटले की कॉइलमधून ठिणगीचा करंट प्लगपर्यंत जातो. सगळी गाडी त्या दोन तुकड्यांच्या मर्जीवर. ते काळे पडले की पॉलिश पेपरने घासायचे आणि त्यांच्यातली फट मापायची. मापायला फीलर गेज नावाची पात्यांची जुडी असते. ती सापडत नाही. मग जुने मेकॅनिक सांगतात तसं हॅक्सॉ ब्लेडचं पातं घालून बघायचं. पॉलिश पेपर सापडत नाही तेव्हा काय वापरलं, हे बायकोच्या ड्रेसिंग टेबलावरच्या नखांच्या कानशीला विचारा. इतकं करूनही पॉइंट पुन्हा लगेच काळे पडायला लागले, तर कंडेन्सर गेला असं समजायचं. तो दिसतो एवढासा, आणि गेला की गाडी चौकाच्या बरोबर मधोमध थांबवतो. कडेला कधीच नाही.

पॉइंट झाले की कार्ब्युरेटर. त्यात जेट नावाचा पितळेचा एक नखाएवढा तुकडा असतो, त्याच्या मधोमध केसासारखं भोक. त्या भोकात कचरा अडकला की इंजिन खोकतं. तार घालून साफ करायचं नाही, भोक मोठं होतं. फुंकायचं. मी एकदा फुंकलं आणि तो तुकडा हातातून निसटून घरंगळत पार्किंगच्या जाळीकडे गेला. मग सोसायटी जमा झाली. कुणी टॉर्च आणला, कुणी झाडू. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त साहेब अभिमानाने लोहचुंबक घेऊन आले आणि बराच वेळ जाळीवर ओणवे होऊन ते फिरवत राहिले. पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे त्यांना कोण सांगणार? वयाने मोठे, शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी. जेट शेवटी वॉचमनच्या मुलाला सापडला. तो त्याच्या खिशातच होता. "चकचकीत दिसला म्हणून घेतला," म्हणाला.

उन्हाळ्यात वेगळंच नाटक. गाडी मस्त चालते, आपण दहा मिनिटं भाजी घ्यायला थांबतो आणि परत येतो तर सुरूच होत नाही. इंजिन बंद केल्यावर त्याची धग वर चढते आणि पंपात, नळीत, कार्ब्युरेटरात पेट्रोलची वाफ होते. उपाय जुना आणि अक्सीर: पंपावर ओलं फडकं. त्यामुळे भर दुपारी मंडईबाहेर एक मध्यमवयीन गृहस्थ गाडीच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत उभे असलेले दिसतात. येणारेजाणारे आस्थेने विचारतात, "ताप आहे का?"

अडलं की सासऱ्यांना फोन. त्यांचं निदान कानावर चालतं. "जावईबापू, फोन जरा बॉनेटजवळ धरा. रेस द्या. आणखी द्या. हं, टॅपेट वाजतायत." नाशिकमध्ये बसून. मग टॅपेट लावायचे, म्हणजे इंजिनाच्या झडपांजवळची फट नीट करायची, तेही इंजिन थंड असताना, म्हणजे पुढच्या रविवारी पहाटे.

बाहेरच्या मेकॅनिकचं म्हणाल, तर जाणकार होते ते म्हातारे झाले. मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काहीही मिळायचं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला झाली आणि टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपल्यावर 2023 मध्ये तीही रस्त्यावरून गेली. आता मी बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जातो. तिथे विक्रेता एक गंजलेला तुकडा पुढे करतो आणि म्हणतो, "फियाटचाच आहे." कशाचा ते त्यालाही ठाऊक नसतं. मी घेतो. नव्या गॅरेजमधला एक गुणी पोरगा मात्र मदतीला आला होता. त्याने डॅशबोर्डखाली डोकं घातलं, बराच वेळ चाचपलं आणि विचारलं, "काका, स्कॅनर कुठे लावायचा?" मी त्याला चोक दाखवला. त्याने तो ओढला आणि घाबरून लगेच सोडला.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. पद्मिनीच्या जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, त्या फुगतात, चिकट होतात. तेव्हा नळ्या बदलणं हेही रविवारच्या यादीत आलं.

आणि आरटीओ. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी, वर पर्यावरण कर. 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना व्हिंटेजचा मान मिळतो, नंबर प्लेटवर व्हीए ही अक्षरं येतात. आमची अजून पन्नाशीची झाली नाही. म्हातारी म्हणून कर भरते आणि तरुण म्हणून मानाला मुकते. मान मिळालेली गाडी रोज चालवायची परवानगी नसते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, अशाच कामांसाठी रस्त्यावर आणायची. शेवटच्या दोन कामांसाठी आमची आत्ताही बाहेर पडते, तेव्हा आमची तयारी झालेली आहे.

परवा मात्र तिला गिऱ्हाईक आलं. शेजारच्या इमारतीतल्या मुलाचं लग्न ठरलंय, त्याला प्री-वेडिंग फोटो काढायचे होते. "काका, चालू नसली तरी चालेल," असं तो मोठ्या मनाने म्हणाला. बायकोला ते लागलं. तिने बाबांना कळवलं आणि पुढचे सगळे दिवस मी बॉनेटखाली होतो.

ठरल्या दिवशी फोटोग्राफर आला. नवरदेवाच्या हातात माझा पाना दिला, नवरीला मडगार्डवर टेकवलं. मग म्हणाला, "मागे थोडा धूर पाहिजे," आणि बॅगेतून धुराची नळकांडी काढायला लागला.

मी म्हटलं, "ती आत ठेवा. मी फक्त सेल्फ मारतो."