‘पतीच्या पेशींची लस देण्यास नकार दिला’ या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

तीन गर्भपातांनंतरही आम्ही आपल्याला पतीच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची लस दिली नाही आणि एकच रक्ततपासणी दोनदा करायला लावून दोनदा पैसे घेतले, असे आपण लिहिले आहे. आपले वैद्यकीय तपशील येथे उघड करणे योग्य नसल्याने आपण स्वतः मांडलेल्या मुद्द्यांपुरतेच लिहिते.

ही लस दुसरीकडे मिळते, हे खरे आहे. गर्भातील वडिलांकडून आलेला अंश आईच्या शरीराने परका मानू नये म्हणून त्या पेशी तिला आधीच टोचायच्या, ही कल्पना पटण्याजोगी आहे आणि १९८५ साली लंडनमधील एका चाचणीने तिच्याविषयी आशाही निर्माण केली होती. मात्र १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत लस दिलेल्या गटात ३६ टक्के, तर नुसते सलाइन टोचलेल्या गटात ४८ टक्के स्त्रियांचे गर्भारपण २८ आठवड्यांपुढे टिकले. पुढे २००२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर तिचा वापर थांबवायला लावला. शिवाय कोणाचेही रक्तघटक टोचताना संसर्गाची जोखीम असतेच. माझ्या सख्ख्या बहिणीलाही मी ही लस दिली नसती.

तपासणीविषयी सांगायचे तर, रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणारी काही प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) साध्या संसर्गानंतरही तात्पुरती आढळतात, म्हणून किमान १२ आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा केल्याशिवाय निदान पक्के होत नाही. वारंवार गर्भपात होण्याच्या, प्रतिकारशक्तीशी निगडित कारणांपैकी ज्यावर भरवशाचा उपचार आहे ते हेच कारण. १९९७ सालच्या एका ब्रिटिश चाचणीत अशा स्त्रियांमध्ये केवळ ॲस्पिरिनने ४२ टक्के, तर सोबत हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे इंजेक्शन दिल्यावर ७१ टक्के गर्भधारणांतून जिवंत बाळ जन्मले. पण गर्भारपणात महिनोन्महिने रोज पोटावर टोचायचे हे इंजेक्शन एका अहवालावर सुरू करणे मला मान्य नाही.

हे सारे आपल्याला पहिल्याच भेटीत, खर्चासह सांगायला हवे होते. ते न सांगता काउंटरवर केवळ पावती हाती देण्यात आली, ही चूक आमचीच आहे. तीनदा गर्भ गमावलेल्या स्त्रीला ‘थांबा’ एवढेच सांगून चालत नाही. दुसऱ्या तपासणीची रक्कम आम्ही परत करीत आहोत. पावती घेऊन कोणत्याही कामाच्या दिवशी यावे. दोन्ही अहवाल सोबत आणल्यास मी स्वतः बसून ते समजावून सांगेन, त्याचे शुल्क आकारले जाणार नाही.