निबंध न लिहिलेला मुलगा

शाळेच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच. पुण्यात कुठे पोरांनी कोयते नाचवले आणि लगेच फतवा: "या 16 वर्षांच्या गुंडांना येरवड्यात टाका. ऑस्ट्रेलियात बघा कसे सरळ करतात." ग्रुपमध्ये मेलबर्नचा मी एकटा, म्हणजे हे माझ्यासाठीच.

अरे, इथे कोण सरळ झालंय? मे 2025 मध्ये नॉर्थलँडच्या मॉलमध्ये रविवारी भरदुपारी पोरांच्या टोळ्या मॅशेटी घेऊन भिडल्या. मॅशेटी म्हणजे कोयत्याचीच मावसबहीण. सप्टेंबरपासून तिच्यावर बंदी आली आणि घरातल्या आणून टाकायला पोलीस ठाण्यांबाहेर पेट्या ठेवल्या. आणि गंभीर गुन्ह्यात 16 ते 18 वयाच्यांवर प्रौढांसारखा खटला चालवायची सोय आपल्या 2015 च्या कायद्यात आहेच. तसं लिहिलं, तर उत्तर आलं, "तू गेलास तिकडे, तुला काय कळणार!"

बरं, दारूचं बोलू. महाराष्ट्रात दारूला वय 25, बिअरला 21. कागदावर आपण इथल्या 18 पेक्षा कडक! पण इथे माझा मुलगा नुसता सोबत असला, तरी बॉटल शॉपमधली विशीतली पोरगी त्याचं ओळखपत्र मागते. शनिवारी रात्री बूझ बस, म्हणजे पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडणारी पोलिसांची गाडी, असतेच. आणि आपल्याकडे? 19 मे 2024, कल्याणीनगर. पबमधून निघालेल्या 17 वर्षांच्या मुलाची पोर्शे, दोन जीव गेले, आणि 300 शब्दांच्या निबंधावर जामीन. वर ससूनमध्ये रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप. कोयतेवाल्या पोराचा बाप एवढं सगळं कुठून जमवणार? ग्रुपला येरवड्यात मात्र तोच हवाय.

हे सगळं टाइप केलं आणि पुसलं. ग्रुपमधल्या तिघांना तरी आठवत असणार. 1994, आमची बारावी, कर्वे रोड. पोटात बिअर, हातात मित्राच्या वडिलांची स्कूटर. एका दूधवाल्याची सायकल उडवली. किटल्या गडगडत गेल्या, दूध पार गटारापर्यंत. त्याचा पाय मोडला. चौकीवर काका आले, ओळखीच्या हवालदाराशी बाजूला जाऊन बोलले. बाबांनी दूधवाल्याला पैसे दिले. मला निबंधसुद्धा लिहावा लागला नाही.

इथल्या पीआरच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीच्या, अर्जाला पुण्याहून पोलिसांचा दाखला लागला, तो आठवड्यात आला. माझ्या नावावर काहीच नव्हतं. त्या दूधवाल्याचं नाव फक्त बाबांना माहीत होतं, आणि ते गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो.