'हा ईमेल आधीच नोंदणीकृत आहे.' बरं, मग पुढे?

एप्रिलचा दुसरा आठवडा. देवगडात ज्याची दोन कलमं आहेत त्यालाही या दिवसांत जेवायला वेळ नसतो. अशात दुपारी काकीचा फोन. (काकी सख्खी नव्हे, वाडीतली. पण ती हाक मारते तेव्हा सख्खीसारखंच धावावं लागतं.) "अरे बाबू, तुझा ता माका घरात घेणा नाय!"

'ता' म्हणजे मी बनवलेली वेबसाइट. आमच्या भागातले डझनभर बागायतदार त्यावरून थेट पेट्या विकतात. वाशीला माल टाकून दराची वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून सुरू केलेलं.

गेलो. अंगणात आंबा निवडायचं काम चाललेलं. काकीच्या बोटांना चीक लागून वाळलेला, त्यामुळे स्क्रीनला तिचा स्पर्शच कळेना. तो एक वेगळाच वैताग. मुलाने मुंबईहून नवा फोन पाठवला होता. जुन्या फोनमध्ये साइट उघडीच असायची, त्यामुळे पासवर्ड कधी लागलाच नव्हता. तो पुतण्याने ठरवलेला, आणि पुतण्या बोटीवर नोकरीला. मग काकीने तिला सर्वांत ओळखीचं वाटलं ते केलं, 'गुगलने पुढे जा' दाबलं. लाल अक्षरांत उत्तर आलं: हा ईमेल आधीच नोंदणीकृत आहे. बस्स. खाली ना बटण, ना वाट.

"मीच केलंय मा नोंद? मगे माकाच सांगता काय?" काकीचं काय चुकलं सांगा!

ती लाल ओळ माझीच. रात्री अकरा वाजता घाईत लिहिलेली. डेटाबेसमध्ये ईमेल एकदाच असावा असा नियम होता, तो मोडल्यावर आलेली तक्रार मी मराठीत आणून माणसाच्या तोंडावर फेकली होती. साइट बनवणारे आपल्यापैकी बरेच जण हेच करतात. आपल्या दृष्टीने ती चूक असते. प्रत्यक्षात आपलं जुनं, भरवशाचं माणूस दुसऱ्या दाराने आलेलं असतं, आणि आपण त्याला 'तुम्ही आधीच आत आहात' म्हणून बाहेर उभं करतो.

त्याआधीच्या वर्षी याहून वाईट होतं. तेव्हा तो नियमच नव्हता, गुगलने आलेल्याला गुपचूप नवं खातं मिळायचं. एका बागायतदाराला सगळं कोरं दिसलं आणि तो म्हणाला, "माझा सगळा खय गेला रे?" ऑर्डरी जुन्या खात्यावर पडत होत्या, तो नव्यावर वाट बघत होता. आंबा काही थांबत नाही. अढीत पिकला आणि शेवटी बाजारात मिळेल त्या भावाने गेला.

मग लगेच सुचणारा उपाय म्हणजे ईमेल जुळला की दोन्ही खाती जोडून टाका. गुगल सांगतंय ना हा ईमेल याचाच आहे म्हणून? मीही तेच केलं. चार दिवसांत एका गिऱ्हाइकाचा फोन, "मला कुणाचातरी चेंबूरचा पत्ता आणि दोन पेट्यांची ऑर्डर दिसतेय." झालं असं होतं की चेंबूरच्या माणसाने नोंदणी करताना ईमेलमधलं एक अक्षर चुकवलेलं. मी पडताळणीचा मेल पाठवतच नव्हतो. ते चुकलेलं अक्षर धरून बनलेला पत्ता खरोखर दुसऱ्या कुणाचा होता, आणि तो गुगलने आल्यावर मी त्याला चेंबूरकराचं खातं ताटात वाढून दिलं. माणूस सज्जन म्हणून वाचलो.

याची उलटी बाजू तर आणखी वाईट. आपल्याकडे चाकरमान्यांची घरं वर्षातले दहा महिने बंद असतात, चावी शेजारी. समजा, तुमच्या आधी कुणीतरी येऊन तुमच्या नावाच्या घराला स्वतःचं कुलूप लावून ठेवलं. तुम्ही गणपतीला आलात, तुमची ओळख पटली, दार उघडून मिळालं. पण त्याच्याकडची चावी अजून चालतेच आहे! म्हणजे दुसऱ्याच कुणी तुमचा ईमेल टाकून पासवर्ड ठरवून ठेवायचा, आणि तुम्ही नंतर गुगलने आलात की साइटने दोन्ही जोडायचं. 2022 मध्ये अविनाश सुधोदनन आणि अँड्र्यू पेव्हर्ड या संशोधकांनी 75 लोकप्रिय सेवा तपासल्या, तेव्हा निदान 35 सेवांत अशा प्रकारची काही ना काही फट निघाली. तेव्हा 'माझी साइट आंब्याची, माझ्याकडे कोण येतोय' हे समाधान मी सोडून दिलं.

आता मी काय करतो ते सांगतो. गुगलकडून माणूस परत आला की आधी ईमेल बघायचाच नाही. ओपनआयडी कनेक्टमध्ये (गुगलसारख्याच्या ओळखीवर दुसऱ्या साइटवर आत येण्याची ठरलेली पद्धत) 'सब' नावाचा एक क्रमांक येतो, तो त्या माणसाचा कायमचा. ईमेल बदलतो, 'सब' बदलत नाही. तो ओळखीचा निघाला तर थेट आत. नसेल तरच ईमेल बघायचा, आणि त्या ईमेलचं जुनं खातं असेल तर अडवायचं नाही, विचारायचं: 'या ईमेलवर तुमचं खातं आहे. एकदा जुना पासवर्ड द्या, किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी टाका, पुढच्या वेळेपासून गुगलने सरळ या.' ओटीपी जुन्या खात्यातल्या मोबाइलवर जातो, त्यामुळे चेंबूरकराचं खातं परक्याच्या हाती लागत नाही. खातं जुळलं की, जुन्या खात्यावर 'ईमेल पडताळला' अशी खूण नसेल तर त्याचा पासवर्ड रद्द आणि आधीची सगळी लॉगिन बंद. पुन्हा मालकाला मेल, की तुमच्या खात्याला गुगल जोडलंय.

काही जण म्हणतील, 'खातं आहे' हे सांगणंच धोक्याचं. साध्या नोंदणीच्या फॉर्मवर खरं आहे, तिथे कुणीही कुणाचाही ईमेल टाकून बघेल. दवाखान्याच्या किंवा कर्जाच्या साइटवर तर तेवढंच कळणं पुरे. पण गुगलकडून पडताळलेला ईमेल घेऊन आलेला माणूस त्या पत्त्याचा मालक म्हणूनच समोर असतो. त्याच्यापासून लपवून काय मिळणार?

गुगलचाही सगळा ईमेल सारख्या भरवशाचा नसतो बरं का. जीमेलचा पत्ता असेल तर गुगलच त्याचा मालक. पण गुगल खातं दुसऱ्या कंपनीच्या ईमेलवरही काढता येतं, आणि तो पत्ता पुढे दुसऱ्याच्या हाती गेलेला असू शकतो. ॲपलवाला तर खरा ईमेल लपवून एक वेगळाच टोपण पत्ता देऊ शकतो, तिथे जुळणी होणारच नाही. अशांसाठी आत गेल्यावर 'माझं जुनं खातं जोडा' असं बटण ठेवलंय. आणि जीमेल नावातल्या टिंबांना किंमत देत नाही, पण तुमचा डेटाबेस देतो. टिंब असलेला आणि नसलेला, एकाच माणसाची दोन खाती. हे मला कळायला एक अख्खा हंगाम गेला.

काकीचं त्या दिवशी खळ्यातच बसून जोडलं. ओटीपी जुन्या नंबरवर गेला, जुना फोन फडताळात बंद पडलेला. चार्जरला लावला, वीज गेली. तासाभराने आली. तोवर काकीने मला पाच डझनाची एक पेटी भरायला बसवलं, पेंढा कमी घातला म्हणून दोनदा ओरडली. ओटीपीची मुदत तोवर संपली होती, नवा मागवला. आत गेल्यावर आधी ऑर्डरी दिसल्या, अकरा होत्या. काकी म्हणाली, "ह्यो ठाण्याचो गेल्या वर्साच्या पैशाक अजून हो म्हणता, ह्येका यंदा नको." त्याला काळ्या यादीत घालायचं बटण माझ्या साइटवर अजून नाहीये.