अपडेट नाकारून गाडी सुरक्षित होत नाही

मावशीने परवा गाडीच्या सर्व्हिसिंगची वेळ रद्द केली. या वेळी सॉफ्टवेअर अपडेटही करून देऊ, असा शोरूममधून फोन आला होता आणि नेमका त्याच सकाळी तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘तो’ मेसेज पडला होता. तुमच्याकडेही आला असेल. कोणतीही गाडी कुणीही घरबसल्या मोबाईलवरून थांबवू शकतो. अपडेट करू नका, त्यातूनच हॅकर आत शिरतो. रिमोटने लॉक करू नका, चोर त्याचा सिग्नल पकडतो. किल्ली स्टीलच्या डब्यात ठेवा. फास्टॅग काढून फॉइलमध्ये गुंडाळा. डोक्यावर ड्रोन घिरट्या घालताना दिसला तर गाडी सोडून लांब जा. खाली ‘पोलीस खात्याकडून जनहितार्थ’. कुठलं पोलीस खातं, ते मात्र कुठेच नाही.

यातला अपडेटचा सल्ला सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी त्याचाच समाचार घेते.

पुरावा म्हणून मेसेजमध्ये एकच वाक्य आहे: ‘अमेरिकेत जीप हॅक झाली होती.’ झाली होती, आणि तो प्रकार साधा नव्हता. जुलै 2015 मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी सेंट लुइसजवळच्या हायवेवर धावणारी जीप चेरोकी घरात बसून ताब्यात घेतली. गाडी चालवणारा पत्रकार स्वतःच्या संमतीने प्रयोगात सामील होता. आधी एसी आणि रेडिओ आपोआप सुरू झाले, वायपर फिरू लागले, मग ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी पुढे जाईना. मागून ट्रक येत होता. नंतर मोकळ्या जागी, कमी वेगात त्यांनी ब्रेकही निकामी करून दाखवले. वाचताना अंगावर काटा येतो, हे मान्य.

पण हे जमलं कसं? त्या जीपच्या डॅशबोर्डवरची म्युझिक-नेव्हिगेशनची यंत्रणा मोबाईल नेटवर्कला जोडलेली होती आणि तिचा एक दरवाजा नेटवर्कवर उघडा राहिला होता. तिथून ब्रेक-इंजिनच्या अंतर्गत वायरिंगपर्यंत पोचायला त्यांना आतल्या एका चिपचं सॉफ्टवेअरच बदलून टाकावं लागलं. विकत घेतलेल्या जीपवर त्यासाठी ते दोघे कितीतरी महिने राबले. ज्या गाडीत सिमच नाही, तिला ही वाट लागूच होत नाही. मग ‘कोणतीही गाडी’, ‘कुणीही’, ‘मोबाईलवरून’ हे शब्द आले कुठून?

आणि मेसेज लिहिणाऱ्याने गिळून टाकलेला भाग पुढे आहे. कंपनीने 14 लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला, म्हणजे दोष दुरुस्त करून देण्याची जाहीर सूचना. उपाय काय होता? सॉफ्टवेअर अपडेट! मालकांना पेन ड्राइव्ह पाठवले, नको असेल तर डीलरकडे करून घ्या म्हणून सांगितलं. म्हणजे भोक बुजवलं ते अपडेटने, आणि हा मेसेज लोकांना तेच नाकारायला सांगतो. शंका असेल तर शोरूममध्ये चासी नंबर देऊन विचारा, आपल्या गाडीला काही रिकॉल आहे का. मावशीलाही हेच सांगितलं.

ड्रोनचंही तसंच. 2021 मध्ये दोन संशोधकांनी ड्रोनवर वायफायचं यंत्र बसवून उभ्या टेस्लाचे दरवाजे उघडता येतात, हे दाखवलं. गाडी चालवणं त्यांना शक्य नव्हतं, आणि ते जाहीर होण्याआधीच, ऑक्टोबर 2020 मध्ये, टेस्लाने अपडेट देऊन ती फट बंद केली होती. खरं तर ड्रोन स्वतःच कच्चा गडी आहे: 2012 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हंफ्रीज यांच्या गटाने खोटे जीपीएस सिग्नल सोडून एक छोटं ड्रोन हेलिकॉप्टर भरकटवून दाखवलं होतं.

रिमोटचा मुद्दा जुनाच आहे. बहुतेक रिमोट प्रत्येक वेळी नवा कोड पाठवतात, त्यामुळे गाडीने एकदा स्वीकारलेला कोड पुन्हा चालत नाही. लॉक करून दाराचं हँडल ओढून बघा, झालं. मात्र किल्ली खिशात ठेवून पुशबटणने सुरू होणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी. घरातल्या किल्लीचा सिग्नल दोन यंत्रांनी बाहेरच्या गाडीपर्यंत पोचवून चोऱ्या होतात, युरोपात तर सर्रास. तेव्हा किल्ली घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, हा त्या मेसेजमधला सल्ला नाइलाजाने का होईना, बरोबर म्हणावा लागतो. किल्लीसह बंद डबा गाडीजवळ नेऊन गाडी उघडत नाही ना, तेवढं तपासा.

फास्टॅगचं खूळ 2022 च्या त्या व्हिडिओतून आलं: काच पुसणाऱ्या मुलाने हातातलं घड्याळ टॅगवर धरलं, आणि म्हणे पैसे गायब. फास्टॅगचे व्यवहार सांभाळणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने तेव्हाच तो खोटा ठरवला. फास्टॅगचे पैसे नोंदणी झालेल्या टोलनाक्यासारख्या ठिकाणीच वळते होतात, कुणाच्या खासगी खात्यात नाही. उलट टॅग काचेवर चिकटवलेला नसेल तर दुप्पट टोल घेण्याची सूचना राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै 2024 मध्येच दिली होती.

गाडीच्या नावाने खरंच पैसे जातात ते वेगळ्याच वाटेने. त्याच ग्रुपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, फिरते. ती उघडून इन्स्टॉल केली की फोनमधले ओटीपी चोराच्या हाती. आरटीओ अशी फाइल पाठवत नाही. चलान बघायचं तर परिवहनच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाका, आणि ती फाइल ग्रुपवर दिसली तर ॲडमिनला लगेच काढायला लावा.