सीईटीच्या मॉक टेस्टबद्दल, सरांच्या कमेंटला उत्तर

सर, तुम्ही लिहिलंय की सीईटीसाठी (म्हणजे राज्याची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) जेईईच्या, म्हणजे देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या, टेस्ट सिरीज लावू नका असं सांगून मी पोरांना ढिलं करतेय, अवघड पेपर सोडवणाऱ्याला सोपा आपोआप जमतो. राग नाही आला, मलाही हेच वाटायचं आणि भाचीला मीच तशी सिरीज लावून दिली होती.

पण वेळेचा हिशोब बघा ना. सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) गटाला फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 54 सेकंद, त्यातच वाचायचं, त्यातच क्लिक करायचं. जेईई मेनला 75 प्रश्नांना 180 मिनिटं, जवळजवळ अडीच मिनिटं एकेकाला. भाचीला एकाच प्रश्नाशी झटत बसायची सवय लागली आणि सीईटीत केमिस्ट्रीचे सरळ बालभारतीच्या पुस्तकातले प्रश्न वाचायचेच राहिले, घरी येऊन रडली ती. ती 90 मिनिटं संपली की तो भाग बंद, मग मॅथ्सचे 50 प्रश्न आणि त्यांची वेगळी 90 मिनिटं, इकडचा वेळ तिकडे नेता येत नाही. तिच्या सिरीजमध्ये मात्र तीन तास सलग असायचे, कुठूनही कुठे जा.

दुसरं म्हणजे सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. जेईईत उत्तर चुकलं की एक मार्क जातो म्हणून पोरं प्रश्न सोडायला शिकतात, आणि तीच सवय इथे आली तर चारातले दोन पर्याय उडवूनसुद्धा हात आखडतो, मॅथ्सला तर प्रश्नाला 2 मार्क आहेत हो.

तुमचं एक मात्र पटलं, मॅथ्सची लेव्हल जेईई मेनच्या तोडीची असते हे परीक्षा घेणारं सीईटी सेलच सांगतं, त्यामुळे चॅप्टर शिकताना जेईईचे प्रश्न जरूर करू देत, घड्याळ न लावता. सीईटीचे 2018 पर्यंतचे पेपरपण त्याच कामाचे, ते कागदावरचे होते, 2019 पासून परीक्षा कॉम्प्युटरवर गेली.

तुमचा मुलगा यंदा बसतोय म्हणालात ना, मग या रविवारी त्याला सीईटीचाच एक पेपर कॉम्प्युटरवर द्यायला लावा, 90 आणि 90 मिनिटं, मध्ये उठायचं नाही, आणि केमिस्ट्रीचे किती प्रश्न न वाचता राहिले तेवढं मला इथे कळवा.