विडाल, सलाईन आणि चपाती: टायफॉईडच्या त्या फॉरवर्डला उत्तर

पावसाळा लागला की एक मेसेज परत फिरायला लागतो, यंदाही जवळपास प्रत्येक फॅमिली ग्रूपवर येऊन गेलाय. मजकूर थोडक्यात असा: ताप आला की लगेच विडाल (टायफॉईडसाठीची रक्ततपासणी) करा, 1:80 आलं म्हणजे टायफॉईड पक्का. टायफॉईड एकदा झाला की रक्तातून कधीच जात नाही, म्हणून दरवर्षी टेस्ट करून सलाईन लावून घ्या. चपाती खाल्ली तर आतड्याला भोक पडतं. ताप उतरला की गोळ्या बंद करा, त्या उष्ण पडतात. आणि ब्लड कल्चर (रक्त बाटलीत ठेवून त्यातला जंतू वाढवून बघायची टेस्ट) हा लॅबवाल्यांचा पैसे काढायचा धंदा. मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्येच काम करतो, म्हणजे त्या धंदेवाल्यांपैकीच एक, तेव्हा ते लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

आधी विडाल, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. फर्नांद विडाल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1896 साली ही टेस्ट आणली आणि तेव्हा ती मोठीच गोष्ट होती. पण हिच्यात जंतू सापडत नाही हो, साल्मोनेला टायफी या टायफॉईडच्या जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी तेवढ्या दिसतात. रिपोर्टवर टीओ, टीएच (जंतूच्या दोन वेगवेगळ्या भागांविरुद्धच्या अँटिबॉडी) असं लिहून पुढे 1:80 येतं त्याचा अर्थ एवढाच, की तुमचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशी काढून उरलेला पातळ भाग, 80 पट पातळ केलं तरी लॅबने त्यात घातलेल्या जंतूंच्या गुठळ्या झाल्या. आता आपल्याकडे टायफॉईड कायमचाच वस्तीला, लहानपणापासून कुठल्या ना कुठल्या पाण्यातून हे जंतू किंवा त्यांचे भाऊबंद पोटात गेलेलेच असतात, त्यामुळे धडधाकट माणसाचंसुद्धा 1:40, 1:80 येतं. रस्त्यावर गुलाल दिसला म्हणजे कधीतरी मिरवणूक गेली एवढंच कळतं, आज गेली की महिन्यापूर्वी, गणपतीची की निवडून आलेल्या नगरसेवकाची, ते गुलाल सांगत नाही, विडालचं तेच. मलेरियात आणि डेंग्यूतसुद्धा ती पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून तर पावसाळ्यात 'डेंग्यूपण निघाला आणि टायफॉईडपण निघाला' असं इतकं ऐकू येतं. उलट बाजू पण आहे, खऱ्या टायफॉईडच्या पहिल्या आठवड्यात अँटिबॉडी पुरेशा तयारच झालेल्या नसतात आणि टेस्ट निगेटिव्ह येते. पुस्तकात उपाय दिलाय, आठ-दहा दिवसांनी दुसरं सॅम्पल घ्या आणि आकडा चौपट वाढला का ते बघा. पण दुसरं सॅम्पल द्यायला परत येतं कोण! आणि नुकसान फुकट गेलेल्या गोळ्यांपुरतं नसतं, 'टायफॉईड आहे' म्हणून घरी बसवलेल्या पेशंटचा मलेरिया किंवा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तोवर हाताबाहेर जातो.

'रक्तातून कधीच जात नाही' हे कुठून आलं ते कळतं, कारण अँटिबॉडी बरेच महिने रेंगाळतात, म्हणून दरवर्षी टेस्ट केली की दरवर्षी काहीतरी 'निघतं'. जंतू मात्र नीट उपचार झाला की बहुतेकांच्या अंगातून जातो. क्वचित बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप उलटतो, ते वेगळं. शंभरातल्या दोन-चार लोकांत जंतू खरंच मुक्कामाला राहतो, पण रक्तात नाही, पित्ताशयात, खासकरून तिथे खडे असतील तर, आणि शौचावाटे वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन ही त्यातलीच, स्वतः ठणठणीत आणि जिथे स्वयंपाक करेल तिथे लोक आजारी. 1907 मध्ये पकडून बेटावर ठेवली, 1910 मध्ये स्वयंपाक न करण्याच्या बोलीवर सोडली, 1915 मध्ये एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात परत सापडली, मग 1938 मध्ये मरेपर्यंत बेटावरच. सांगायचा मुद्दा हा की अशा माणसाला ताप नसतो, अशक्तपणा नसतो, काहीच नसतं. त्यामुळे 'थकवा येतोय, जुना टायफॉईड वर आलाय' हे गणित जुळतच नाही.

सलाईनबद्दल काय बोलणार, ते मीठपाणी आहे. उलट्या होत असतील, तोंडाने काही जात नसेल तर जरूर लावा. त्याने जंतू मरत नाही.

चपातीच्या मुद्द्यात मात्र अर्धं खरं आहे, म्हणूनच तो इतका टिकलाय. टायफॉईडमध्ये आतड्याला भोक पडू शकतं आणि ते जीवघेणं असतं. पण ते पाडतो जंतू. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पेयर्स पॅचेस नावाच्या गाठी असतात, तिथे तो घर करतो, सूज येते, व्रण होतात आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात, त्यातही उपचार उशिरा झाले असतील तर, एखादा व्रण आरपार जातो. चपातीचा यात हात नाही. पचत असेल तर मऊ चपाती खा, वरणभात खा, पण महिनाभर नुसत्या मुगाच्या पाण्यावर ठेवून आधीच खंगलेल्या पोराला आणखी खंगवू नका. लक्ष ठेवायचं ते अचानक पोटात जोरात दुखण्यावर, पोट कडक होण्यावर आणि काळ्या किंवा रक्ताच्या शौचावर, असं झालं तर थेट हॉस्पिटल गाठा.

ताप उतरला की गोळ्या बंद, हा सल्ला सगळ्यात महागात पडणारा. एकतर बरोबर औषध चालू असलं तरी ताप उतरायला तीन ते पाच दिवस लागतात, मग लोक दुसऱ्याच दिवशी डॉक्टर बदलतात, आणि उतरला की कोर्स सोडतात. ताप परत येण्याचा धोका तर असतोच, वर या जंतूचा इतिहास बघा. 1948 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक आलं, 1972 मध्ये आपल्याच केरळातल्या कालिकतमध्ये त्याला न जुमानणाऱ्या टायफॉईडची साथ आली. मग सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन) आलं, तेही भारतात आता बहुतेक ठिकाणी नीट चालत नाही, तरी मेडिकलवाला बिनधास्त देतो. 2016 पासून पाकिस्तानातल्या सिंधच्या हैदराबादेत तर सेफ्ट्रियाक्सोन या इंजेक्शनच्या अँटिबायोटिकलाही दाद न देणारी जात पसरली. गंमत म्हणजे त्या साथीत जी लस वापरली ती आपल्या हैदराबादेत बनलेली. तीच लस नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये मुलांना मोफत द्यायला सुरुवात केली, पण हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही.

राहिलं कल्चर. स्वस्त नाही, मान्य. शंभर टक्के पकडतं असंही नाही, खरा टायफॉईड असलेल्या दहातल्या पाच-सहा जणांत जंतू सापडतो, म्हणजे निगेटिव्ह आलं तरी डॉक्टर बाकीची लक्षणं बघून ठरवणार. पण सापडला तर तोच जंतू हातात असतो आणि त्याच्यावर कुठलं औषध चालतं तेही कळतं, जे विडाल कधीच सांगू शकत नाही. 'रिपोर्टला आठवडा लागतो' असं लोक म्हणतात, तेही खरं नाही, मशीनवर बरेचदा एक-दोन दिवसांत बाटली पॉझिटिव्ह होते, पाच दिवस थांबतो ते निगेटिव्ह म्हणायच्या आधी. फक्त रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी द्यायला हवं, दोन दिवस गोळ्या खाऊन आलात तर जंतू सापडायची शक्यता बरीच कमी होते. आणि मोठ्या माणसाचं एका बाटलीला 8 ते 10 मिली लागतं, कारण टायफॉईडमध्ये रक्तात जंतू फार विरळ असतात, त्यामुळे 'एवढं रक्त कशाला' म्हणून टेक्निशियनशी भांडू नका.